वाणात लुटलेली की

मेल आला तेव्हा स्नेहल मोराच्या डोळ्यात अडकली होती. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर दोन मोर समोरासमोर हवे होते आणि डावा मोर काही केल्या जागा दिसत नव्हता, दुपारच्या जेवणानंतर पेंगल्यासारखा दिसत होता. दोन टाके इकडे, दोन टाके तिकडे करून ती वैतागली होती. तेवढ्यात कोपऱ्यात मेलची खूण उमटली. जाहिरात असेल म्हणून तिने उघडला. मोर मग तसाच पेंगत राहिला, तो कायमचाच.

सातपूरच्या अशोकनगरात तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा शेखर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीवर, मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि त्याला खेटून भरतकामाचं मशीन. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, टाका न् टाका जागेवर बसवायचा, याला या धंद्यात पंचिंग म्हणतात. मग ती पेन ड्राइव्हवर घेऊन मशीनला द्यायची आणि सुई चालू लागली की आपण निवांत भाजी निवडायची. दिसायला सोपं. पण कच्चं पंचिंग असलं की कापड गोळा होतं, दोरा तुटतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन तोंड सोडतं. स्नेहलचं पंचिंग पक्कं होतं. तिने हाताखाली आठ बायका शिकवून तयार केल्या होत्या. आठींनीही आपापल्या घरी मशीन घेतलं होतं आणि सगळ्या तिला मॅडम म्हणत. तिला ते आवडायचंही, उगीच खोटं कशाला बोला.

मेल इंग्रजीत होता, लांबलचक. वर पंचिंगच्या प्रोग्रामवाल्या कंपनीचं चिन्ह, खाली कायदा विभाग असं काहीसं. स्नेहलला इंग्रजी लागतं तेवढं येत होतं, पण वकिली इंग्रजी कुणाला येतं? तिने फोन पडद्यासमोर धरला आणि फोनलाच मराठी करायला सांगितलं. फोनने जे केलं ते वाचून ती खुर्चीवरून उठून उभीच राहिली.

तुमच्या नावावर असलेली, एका संगणकासाठी दिलेली प्रोग्रामची की नऊ संगणकांवर वापरली गेली आहे. आमचा प्रतिनिधी गुरुवारी आपल्या घरी येईल. तोपर्यंत संगणकातलं काहीही पुसू नये. इतर आठ वापरकर्त्यांची माहिती दिल्यास आपल्यावरील कारवाईचा फेरविचार होऊ शकतो. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत: आपण स्वतः लेखी कबुली दिली आहे की, "या वर्षी मी चावीवर दरोडा घातला आहे. प्रत्येकीने ती आपल्या संगणकाला लावावी."

दरोडा! अगं बाई, दरोडा कुठून आला? स्नेहलने ते तीनदा वाचलं. मग हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला आणि उजेड पडल्यावर जास्तच भीती वाटली. कारण वाक्य तिचंच होतं.

झालं होतं असं, की गेल्या जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्याआधी या आठही बायका कुठून तरी मिळवलेला पंचिंगचा चोरटा प्रोग्राम वापरत आणि तो ऐन कामात मान टाकायचा. स्नेहलने मात्र रीतसर पावती करून खरा प्रोग्राम घेतला होता. खोक्यात एक कार्ड, कार्डावर पंचवीस अक्षरांची की. ती एकदा भरली की प्रोग्राम जन्मभर आपला. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, एका कॉम्प्युटरसाठी एकच. ते तिने वाचलं नव्हतं असं नाही. पण सहज म्हणून आठींतल्या लंकाबाईंच्या कॉम्प्युटरवर तीच की भरून पाहिली तर चालली. आता एकदा चाललं म्हटल्यावर खोकं पुन्हा कोण वाचतं?

मग तिच्या डोक्यात आलं, यंदा वाण म्हणून हेच द्यावं. दरवर्षी सगळ्या कंगवे नाहीतर प्लास्टिकच्या डब्या देतात, घरोघर त्याच डब्या फिरतात. तिने आठ छोटे करंडे आणले, पिवळ्या कागदाच्या आठ चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात की लिहिली, सुरळी करून एकेका करंड्यात घातली. तिळगूळ दिला, हळदीकुंकू लावलं, करंडा हातात ठेवला. आठींतली अमिनाही नेहमीसारखी आली होती. तिला कुंकू लावत नसत, पण तिळगूळ आणि वाण तिलाही सगळ्यांसारखंच. रात्री ग्रुपवर स्नेहलने मोठ्या तोऱ्यात लिहिलं: यंदा वाणात मी की लुटली आहे, प्रत्येकीने आपापल्या कॉम्प्युटरला लावून घ्या.

आपल्यात वाण लुटतातच. वाटलं असं कुणी म्हणत नाही. आईने कंगवे लुटले, सासूने वाट्या लुटल्या, कुणाला कधी अटक झाली नाही. पण ते त्या दूरच्या ऑफिसातल्या माणसाला कोण सांगणार? त्यांच्या कागदावर स्नेहलने स्वतःच्या हाताने दरोडा कबूल केला होता.

तिने कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. बंद करायचीसुद्धा उसंत नव्हती. मग खोकं, कार्ड, पावती, सगळं एका पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात खाली खुपसलं. खुपसल्यावर तिच्या लक्षात आलं, पावती तर आपल्या बाजूचा पुरावा, तो कशाला लपवायचा? पुन्हा उकरून पावती काढली. काढून कुठे ठेवावी ते सुचेना. शेवटी ब्लाउजमध्ये खोचली आणि पुढचे चारही दिवस ती कागदाची घडी छातीला टोचत राहिली.

सोमवार ते बुधवार ती जगली कशी हे तिचं तिला ठाऊक. फोन वाजला की आधी नंबर बघायची. अनोळखी नंबर तर ती उचलेचना. मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबली आणि स्नेहल कडी लावून मोरीत जाऊन उभी राहिली, नळ सोडून, म्हणजे कुणी हाक मारली तरी ऐकू आली नाही असं म्हणता येईल. पंधरा मिनिटांनी शेजारच्या वत्सलाबाईंनी सांगितलं की त्यांच्या मुलाच्या पासपोर्टची चौकशी होती, चहा पिऊन गेले. स्नेहल हसली. बादली वाहून मोरीभर पाणी झालं होतं.

ग्रुपवर बायकांचे मेसेज येत होते. मॅडम, प्रोग्राम उघडत नाही. मॅडम, माझ्या पडद्यावर लाल अक्षरं आलीत. मॅडम, तुळशीचं लग्न झालं, आता लग्नाचे ब्लाउज सुरू होतील, काय करू? तिने एकालाही उत्तर दिलं नाही. शब्द लिहायचीच धास्ती बसली होती. कोणत्या शब्दाचं तिकडे काय होईल, काय सांगावं.

आणि या सगळ्यात एक किडा डोकं पोखरत होता. तो मेसेज ग्रुपवर होता, ग्रुपात नऊ जणी. मग तो कंपनीकडे पोचला कसा? कुणी पोचवला? स्नेहलने एकेकीचा चेहरा आठवला आणि अमिनापाशी येऊन थांबली. अमिनाला अलीकडे परस्पर ऑर्डरी मिळत होत्या. महिनाभर ती इकडे फिरकली नव्हती. परवा रस्त्यात भेटली तर घाईघाईने निघून गेली. तीच. दुसरं कोण असणार? भ्यालेल्या माणसाला कुणावर तरी चिडायला मिळालं की तेवढाच जीव हलका होतो. स्नेहल दोन दिवस अमिनावर मनातल्या मनात यथेच्छ चिडली.

मंगळवारी संध्याकाळी तिने शेखरला सांगितलं. सांगताना रडली. शेखर आधी घाबरला, मग रागावला, मग जेवायला बसला. जेवता जेवता म्हणाला की यात विचार काय करायचा, नावं मागतायत तर देऊन मोकळी हो, तू काय त्या सगळ्यांची आई आहेस का? स्नेहल म्हणाली, वाण दिलंय मी, ते असं दारोदार जाऊन कसं काढून घेऊ? शेखर म्हणाला, मग तुरुंगात जाऊन पंचिंग कर. तो चेष्टेत म्हणाला होता. पण स्नेहलने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

बुधवारी दुपारी तिने ठरवलं. नावं द्यायची नाहीत. सांगायचं, नऊही कॉम्प्युटर माझेच, काही विकले, काही बिघडले. आरशासमोर उभं राहून तिने ते म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळेला आवाज कापला नाही. ठरवल्यावर बरं वाटलं. विशेषतः लंकाबाईंचा चेहरा डोळ्यापुढे आला म्हणून बरं वाटलं.

लंकाबाई सातपूर गावठाणात राहायच्या, साठीला टेकलेल्या, आठींत सगळ्यात वडील. सातवीपर्यंत शिकलेल्या. माउस पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्यांनी तो पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा फिरवला होता, पण सहा महिन्यांत सुंदर कोयरी काढू लागल्या. मालक पुंजाबा गुडघ्याने अधू, घरीच असायचे. मशीनवर दोघांचं चालायचं. स्नेहल कधीही गेली तरी तिला कुंकू लावल्याशिवाय त्या सोडत नसत. ती बसच्या घाईत असो, नाहीतर नुसता पेन ड्राइव्ह द्यायला उंबऱ्यात उभी असो, मागून हाक यायचीच: थांब गं, कुंकू लाव. आणि लावायच्या त्या स्नेहलनेच दिलेल्या करंड्यातलं.

गुरुवारी अकरा वाजता तो आला. स्नेहलने मनात काळा कोट, दोन हवालदार, असं काय काय रंगवलं होतं. हा एकटाच, तिशीचा, खांद्याला बॅग, दारात बूट काढून आत आला. नाव रविराज. पाणी दिलं तर अर्धं प्यायला आणि म्हणाला, "थंड आहे हो ताई, माठातलं का?" स्नेहलने नुसती मान हलवली.

त्याने बॅगेतून मेलचा छापील कागद काढला, त्या ठळक ओळीवर बोट ठेवलं आणि चक्क हसला. तो मूळचा नामपूरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला निघाला. त्याने सांगितलं की हे वाक्य वरच्या ऑफिसात मशीनकडून भाषांतर करून घेतलं, तिथल्या साहेबांना घाम फुटला, म्हणे बाई उघड दरोडा घातला म्हणते. याने मूळ मेसेज पाहिला तेव्हा कळलं. "माझी आईसुद्धा दरवर्षी लुटते. यंदा चाळण्या लुटल्या. मी त्यांना फोनवर समजावलं, साहेब, हा सण आहे, गुन्हा नाही. ते दरोड्याचं कलम मी काढायला लावलंय."

चार दिवस आवळून धरलेलं सगळं एकदम सुटलं. स्नेहलला रडू कोसळलं. ती पदराने डोळे पुसत होती आणि बोलत होती, थांबताच येईना. चूक झाली, वाचलं नाही, सगळे करतात म्हणून केलं. तो मान हलवत ऐकत होता. आपल्या भाषेत, आपल्यासारखं बोलणारा माणूस समोर बसलेला, आईच्या चाळण्यांची गोष्ट सांगणारा. मग त्याच सुरात, चाळण्यांच्याच सुरात, त्याने विचारलं की बाकीच्या आठ जणींची नावं तेवढी लिहून द्या, म्हणजे तुमचं प्रकरण इथेच मिटलं. नाही दिलीत तर माझ्या हातात काही राहत नाही, मग वकील, मग पोलीस.

पोलीस हा शब्द त्याने मोठ्याने म्हटलासुद्धा नाही. पण स्नेहलला मोरीतला नळ ऐकू आला. आरशासमोर म्हटलेलं वाक्य तिने शोधलं, ते कुठेच नव्हतं. हात आपोआप वहीकडे गेला.

तिने आठ नावं लिहिली. चिठ्ठ्यांवर की लिहिली होती, तशाच सुवाच्य अक्षरात. पुढे फोन नंबर, गल्लीची खूण. अमिनाचं नाव लिहिताना पेन जरा जास्तच जोरात टेकलं.

रविराजने कागद घेतला, वाचला, फाइलमध्ये लावला. मग म्हणाला, "झालं ताई. तुमच्यावर आता काही येणार नाही, तुम्ही सहकार्य केलंत." तो उठला नाही. फाइलमधले दुसरे कागद चाळत बसला, जणू काही तरी विचारावं की नाही असं त्याचं चाललं होतं.

शेवटी त्याने विचारलं, "या बायका तुमच्या कोण लागतात हो?"

काल तो चौघींकडे जाऊन आला होता. प्रोग्राम चालू करताना त्या चौघींनी आपले मोबाइल नंबर भरले होते, म्हणून पत्ते सापडले. चौघींना त्याने विचारलं, ही की कुणी दिली? अमिना म्हणाली, बाजारात कुणीतरी कागदावर लिहून दिली, माणूस आठवत नाही. स्नेहल? कोण स्नेहल? पोलिसांचं नाव काढल्यावर म्हणाली, मग मला घेऊन चला. आणखी दोघी म्हणाल्या, आमची आम्हीच शोधली. "आणि लंकाबाई तर कमालच. त्यांच्याच फोनवरून तुमचा मेसेज आमच्या हेल्पलाइनला आला होता, तो मी त्यांना दाखवला. तरी मला चहा पाजला आणि म्हणाल्या, स्नेहल नावाची बाई मी जन्मात पाहिली नाही. तुमचं नाव आमच्याकडे होतंच. पण साक्ष द्यायला एकही तयार नाही. त्यांची नावं मात्र तुमच्याकडूनच पक्की झाली."

स्नेहलने फाइलकडे हात पुढे केला. मग म्हणाली, "तो कागद परत द्या."

त्याने मान हलवली. वाईट त्यालाही वाटलं असावं. म्हणाला, लिहून दिलेला कागद आता माझा राहिला नाही ताई. आठींनाही नोटिसा जातील, प्रोग्राम काढून टाकावा लागेल, पुन्हा वापरणार नाही असं लिहून द्यावं लागेल. ज्या खोटं बोलल्या त्यांचं काय करायचं ते वरचे ठरवतील. मग बूट घालून तो गेला. दुपारनंतर उरलेल्या घरी जाणार होता.

स्नेहल चपला घालून धावतच निघाली. नोटीस जायच्या आधी लंकाबाईंकडे पोचायचं, एवढंच डोक्यात होतं. पोचून काय करायचं ते ठाऊक नव्हतं. गावठाणात लंकाबाईंच्या दारात उभी राहिली तेव्हा छातीचा भाता झाला होता आणि ब्लाउजमधली पावती घामाने भिजली होती.

लंकाबाई मशीनवर चादर टाकत होत्या. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. आत ओढून बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गेला का गं तो? तरास तं नाय ना दिला?"

मग त्यांनीच सगळं सांगितलं. प्रोग्राम बंद पडला तेव्हा त्यांनी हेल्पलाइनच्या नंबरवर स्नेहलचा मेसेज पाठवला होता. त्यांना वाटलं, कंपनीला दाखवावं, हे चोरीचं नाय, आमच्या बाईनं रीतसर वाण दिलंय. काल तो माणूस आला तेव्हा कळलं काय घोळ झाला ते. तो गेल्याबरोबर त्या रिक्षा करून अमिनाकडे गेल्या, तर तिने आधीच नाही सांगून टाकलं होतं. महिन्यापासून आजारी सासूला सांभाळत होती बिचारी, घराबाहेर पडायला उसंत नव्हती. मग उरलेल्या चौघींनाही त्यांनी निरोप दिला, कुणी नाव घ्यायचं नाय म्हणून.

"माझ्यापायी झालं ना समदं," लंकाबाई म्हणाल्या. "म्हटलं, आपल्यापायी पोरगी अडकाया नको. तुला फोन नाय केला, म्हटलं फोन बी ऐकत असतील." मग त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू काय सांगितलं त्याला?"

स्नेहलला खोटं बोलता आलं असतं. नोटीस यायला चार दिवस लागले असते. पण त्या हाताखाली खोटं सुचेना.

"नावं दिली, मावशी. आठही."

"माझं बी?"

"तुमचं पहिलं."

लंकाबाईंनी हात काढून घेतला. रागाने नाही, विसरून राहिलेला हात उचलावा तसा. आतल्या खोलीतून पुंजाबांनी विचारलं, कोण आलंय? त्या म्हणाल्या, कुणी नाय. मग उठून तांब्या उचलला आणि आत नेऊन ठेवला.

स्नेहल बराच वेळ बसली. तिने माफी मागितली, दोनदा. लंकाबाईंनी हूं केलं आणि चादरीचं टोक सरळ केलं, ते सरळच होतं. फळीवर देवाच्या फोटोशेजारी करंडा होता. त्याच्या झाकणावर कुंकवाची बोटं उमटलेली दिसत होती.

शेवटी ती उठली. "येते मावशी," म्हणाली. दारात चपला घालायला उगीचच वेळ लावला, पट्टा काढला, पुन्हा लावला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून ती क्षणभर उभी राहिली, मागून हाक येईल म्हणून. आत भांडी विसळल्याचा आवाज येत होता. ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू चालत गेली, मग बसथांब्याकडे वळली.